पाकीट क्रमांक सात परत पाठवत आहे

तीर्थस्वरूप मामांना,

जावयाचा साष्टांग नमस्कार. (दुकानात स्टुलावर बसून लिहितो आहे, त्यामुळे खराखुरा साष्टांग घालणं शक्य नाही, चष्म्याला आलेलं गिऱ्हाईक घाबरून पळेल. पण मनाने मी पूर्ण आडवा झालो आहे असं समजावं.) तुमची प्रकृती ठणठणीत असेल, मामींचा खोकला गेला असेल आणि घरातली सगळी घड्याळं एकाच सेकंदाला टोले देत असतील अशी खात्री आहे. गुडघ्याची चौकशी या पत्रात अजिबात करायची नाही अशी मामींची सक्त ताकीद आहे. तो विषय निघाला की तुम्ही रागाने ताटावरून उठता, आणि उठताना गुडघाच धरता, म्हणजे विषय पुन्हा निघतोच, असं त्यांचं म्हणणं. म्हणून विचारत नाही. (कसा आहे?)

इकडे आम्ही चौघं मजेत. तुमची लेक दवाखान्यातल्या ड्यूटीवरून आली की आम्हा तिघांना रांगेत उभं करून कोणी काय सांडलं याची चौकशी करते, आणि बहुतेक वेळा ते मीच सांडलेलं असतं. थोरली आता आठ वर्षांची झाली. दिवसेंदिवस ती तुमच्यावर चालली आहे, म्हणजे नियम मोडला की तिला ताप येतो. बारक्या पाच पूर्ण. (नावाला बारक्या. मागच्या खेपेला तुम्ही त्याला उचललंत आणि लगेच ठेवलंत, ते मी पाहिलं होतं.) तो खातो भरपूर, पितो त्याहून भरपूर, आणि दुधाचा पेला रिकामा झाल्याशिवाय कोणाशी बोलत नाही.

तर आता मुख्य विषय. मठाची सहल झाली. त्या संध्याकाळी फोनवर मी तुम्हाला सांगितलं की सगळं तुमच्या सूचनेप्रमाणे, अगदी क्रमाने पार पडलं. मामा, त्यातला ‘क्रमाने’ हा शब्द सोडला तर बाकी सगळं खरं आहे. अर्धसत्य पोटात ठेवून मला जेवण जात नाही, म्हणून आता लेखी कबुलीजबाब देतो.

तुम्ही एकतीस वर्षं दर गुरुवारी त्या मठाच्या मनोऱ्यातल्या घड्याळाला किल्ली द्यायला जात होतात. तिथला दगड न् दगड तुम्हाला ओळखतो. नातवंडांना मठ मीच दाखवणार हे तुमचं वचन होतं, आणि दोन वर्षांपूर्वी ज्या दिवशी तुम्ही गुडघा बदलायला साफ नकार दिलात (‘या वयात नवा सांधा घालून मी काय शर्यतीत पळणार आहे का?’), त्या दिवशी ते वचनही मोडलं.  थोरलीने भिंतीवरच्या कॅलेंडरातून सहलीच्या ठरलेल्या तारखेभोवतीचा गोल खोडरबराने पुसला. मग गेल्या महिन्यात तुमच्याकडून ती सात पाकिटं आली. प्रत्येकावर क्रमांक आणि जागा, तोंड गोंदाने पक्कं बंद, आणि वर तुमच्या टोकदार अक्षरात सूचना: जागेवर पोहोचल्याशिवाय उघडू नये. तुमच्या लेकीने सातही पाकिटं टेबलावर ओळीने मांडली. नंतर म्हणाली, बाबा स्वतः येत नाहीयेत, म्हणून पाकिटांतून येतायत. मला म्हणाली, एकही चूक करू नकोस.

आता पहिली चूक. बसमध्ये माझ्या पिशवीतली पाण्याची बाटली गळली. (झाकण नीट लागलं नव्हतं. ते कोणी लावलं होतं याची चौकशी या पत्राच्या कक्षेबाहेर आहे.) सहा पाकिटं भिजून लगदा व्हायच्या बेतात आली. सातवं तेवढं वाचलं, कारण त्यात काहीतरी टणक आहे असं बोटांना लागल्यापासून थोरलीने ते स्वतःच्या फ्रॉकच्या खिशात ठेवलं होतं. मी घाईघाईने सहाही पाकिटांतले कागद काढले आणि बसच्या खिडकीशी वाळवायला धरले. तुम्ही पेन्सिलीने लिहिता म्हणून अक्षर शाबूत राहिलं, याबद्दल तुमच्या दूरदृष्टीला पुन्हा एक नमस्कार. पण कागद वाळेपर्यंत आमचा थांबा आला, माझी धांदल उडाली, आणि ते कागद परत पाकिटांत भरायचं काम मी बारक्याला दिलं. त्याला सहापर्यंत अंक बिनचूक येतात, म्हणून मी निर्धास्त होतो. अंक फक्त पाकिटांवर होते, आतल्या कागदांवर नव्हते, हे माझ्या लक्षात आलं नाही. मी दिवसभर लोकांची नजर तपासतो, मामा, पण दुकानाबाहेर मला काही दिसत नाही हे तुमचं जुनं मत आहे, आणि ते मी इथे मान्य करतो. मी चाळून पाहायला गेलो असतो, पण थोरलीने हात धरला. जागेवर पोहोचल्याशिवाय वाचायचं नाही म्हणजे नाही.

मठाच्या मोठ्या दरवाजापाशी पिवळ्या टोप्या घातलेल्या वीसेक निवृत्त माणसांचा घोळका उभा होता. त्यांचा मार्गदर्शक आलेलाच नव्हता. तेवढ्यात माझ्यासारखा एक माणूस हातात क्रमांक घातलेली पाकिटं घेऊन येतो, एक मुलगी खणखणीत आवाजात ‘पाकीट क्रमांक एक, मुख्य दरवाजा’ अशी घोषणा करते, त्यावर त्यांनी काय समजायचं? ते गुपचूप आमच्या मागे येऊन उभे राहिले. थोरलीने वाचलं: ‘आता खाली बसा आणि एक शब्दही बोलू नका. या ठिकाणी सत्तर मठवासी रोज एकत्र जेवत, आणि चमचा वाजला तरी त्यांना वाईट वाटे.’ मला शंका आली, नाही असं नाही. दरवाजात सत्तर माणसं जेवतील कशी? पण तुमचा शब्द खाली पडू द्यायचा नाही म्हणून आम्ही तिघं उंबऱ्यावर बसलो. आमच्या मागे वीस पिवळ्या टोप्या, हळूहळू, एकमेकांचे खांदे धरत बसल्या. बारक्याने ‘जेवत’ एवढाच शब्द ऐकला होता. त्याने केळी सोलली आणि रांगेत वाटली. मठात येणारी-जाणारी सगळी वाहतूक पाच मिनिटं ठप्प झाली. मग तिथला रखवालदार आला. मोठ्या मिशांचा, तुमच्या ओळखीचाच असावा. त्याने आमच्याकडे पाहिलं, केळ्यांकडे पाहिलं, आणि आला तसा निघून गेला.

पाकीट क्रमांक दोन, प्रार्थनेचं दालन. मामा, मी हे आधी सांगतो की तिथे दरवाजावर ‘शांतता राखा’ अशी पाटी होती आणि आत तीसचाळीस माणसं डोळे मिटून बसली होती. थोरलीने अगदी कुजबुजत वाचलं: ‘कठड्यावरून थोडं वाका आणि आपलं नाव शक्य तितक्या मोठ्याने घ्या. ते तीनदा परत येईल.’ मी कागद हिसकावून घेईपर्यंत बारक्या पुढच्या बाकाच्या कठड्यावरून वाकला होता. त्याने नाव घेतलं. पाळण्यातलं, पूर्ण, आडनावासकट, वर्ग आणि तुकडीसुद्धा. तुमच्या माहितीसाठी नोंद करतो की विहिरीत (तो कागद मुळात तिचा होता) नाव तीनदा परत येत असेल, पण त्या दालनात सात वेळा येतं, आणि तुकडी आठव्यांदाही ऐकू येते.  मी दोघांची बखोटी धरून बाहेर निघणार, तोच पिवळ्या टोप्यांतल्या एका आजींनी अत्यंत गंभीर चेहऱ्याने कठड्यावर हात टेकले आणि स्वतःचं नाव घेतलं. मग त्यांच्या शेजारणीने घेतलं. डोळे मिटून बसलेल्या एका गृहस्थांनी डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांनीही घेतलं. किती वर्षांत त्या माणसाने स्वतःचं नाव मोठ्याने घेतलं नसेल कोणास ठाऊक, खूप खुश दिसले.

एव्हाना कागद उलटेपालटे झालेत हे मला पुरतं कळलं होतं. मी थोरलीला म्हटलं, सगळे उघडू, लावून घेऊ. तिने माझ्याकडे तसं पाहिलं, जसं लग्नाच्या दिवशी मी बारा मिनिटं उशिरा आलो तेव्हा तुम्ही पाहिलं होतंत. म्हणाली, क्रम आजोबांचा आहे, पाकिटावर लिहिलंय ते लिहिलंय.  खरं सांगतो, मामा, तोपर्यंत मलाही मजा यायला लागली होती.

विहिरीपाशी अर्थातच दालनाचा कागद निघाला. मान वर करा, निळ्या छतावर सोनेरी रंगाने काढलेले चौऱ्याऐंशी तारे मोजा. भर दुपारी बारा वाजता वीस पिवळ्या टोप्या आणि आम्ही तिघं माना वर करून उघड्या आकाशात तारे मोजत उभे. एका काकांना तीन दिसले. (त्यांना मी माझ्या दुकानाचं कार्ड दिलं.) भोजनगृहात निघाला दरवाजाचा कागद: ‘हिचं वजन अकराशे किलो, पण कारागिराने अशी तोलून बसवली आहे की एका बोटाने ढकलली तरी हलते.’ भोजनगृहात पंचवीस हात लांबीचं दगडी मेज आहे. ते जमिनीतच रोवलेलं आहे. आम्ही सगळे एका बाजूला रांगेत उभे राहिलो, प्रत्येकाने एकेक बोट लावलं आणि थोरलीने एक, दोन, तीन म्हटलं. मेज हललं नाही, पण एका काकूंनी शपथेवर सांगितलं की किंचित हललं. तेवढ्यात तो मिशाळ रखवालदार पुन्हा आला. या वेळी त्याने माझ्या हातातला कागद घेतला, अक्षर पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून इतका हसला, की त्याच्या किल्ल्यांचा जुडगा वाजायला लागला. म्हणाला, ‘अहो, हे घड्याळवाल्यांचं अक्षर! आणि हे दाराबद्दल आहे. चला, दार दाखवतो.’ मग आम्ही सगळे परत दरवाजाशी गेलो आणि बारक्याने एका बोटाने अकराशे किलोची दाराची फळी हलवली. त्याने ते बोट दिवसभर कशालाही लावू दिलं नाही.

यानंतर पुस्तकांच्या खोलीत जे झालं ते सांगताना मला थोडं थांबावं लागतंय. (गिऱ्हाईक आलं होतं म्हणून थांबलो असं समजा.) पाकीट क्रमांक पाच, ग्रंथालय. त्यात मनोऱ्याच्या जिन्याचा कागद निघाला. थोरलीने सगळ्यांसमोर वाचायला सुरुवात केली: ‘दर वीस पायऱ्यांनी थांबा. मी थांबत असे. लोकांना वाटायचं, मी खिडकीतून बाहेर बघतोय. शेवटची नऊ वर्षं मी बाहेर काहीही पाहिलेलं नाही, गुडघ्याची कळ जाईपर्यंत उभा राहायचो. हे घरी सांगू नये.’ मामा, तुम्ही हे मला उद्देशून लिहिलं होतंत, कारण जिन्यावर मुलं पुढे पळतील आणि कागद माझ्या हातात राहील असा तुमचा हिशेब होता. पण वाचलं तुमच्या नातीने, शंभर माणसांच्या बसण्याच्या खोलीत, पिवळ्या टोप्यांच्या मधोमध. त्या आजी, ज्यांनी दालनात नाव घेतलं होतं, त्यांनी आपल्या गुडघ्यावरून हात फिरवला. बारक्याने विचारलं, आजोबांना दुखत होतं तर ते घड्याळ कोणी दुसऱ्याने का नाही चालवलं?  उत्तर आमच्याबरोबर आलेल्या रखवालदाराने दिलं. म्हणाला, तुझ्या आजोबांना दुसऱ्याच्या हातचं घड्याळ चालायचं नाही.

मनोऱ्याला त्याने कुलूप उघडून दिलं. एरवी वर कोणाला सोडत नाहीत, पण घड्याळवाल्यांची नातवंडं म्हटल्यावर नियम बाजूला ठेवला. (थोरलीला आधी हे पटेना. मग तो म्हणाला, नियमाच्या वहीत तुझ्या आजोबांचं नाव अजून आहे, तेव्हा कुठे पायरी चढली.) पाकीट क्रमांक सहा, मनोऱ्याचा जिना: त्यात उरलेला ग्रंथालयाचा कागद निघाला, तो थोरलीने पायथ्याशीच वाचला आणि घडी करून ठेवला. पिवळ्या टोप्या खालीच थांबल्या. एकशे चव्वेचाळीस पायऱ्या, बारक्या माझ्या खांद्यावर, आणि दर वीस पायऱ्यांनी आम्ही थांबलो. खिडकीतून बाहेर पाहिलं. मामा, तिथून नदीचं वळण, लाल कौलं, कोणाची तरी वाळत घातलेली पांढरी चादर, सगळं दिसतं. तुम्ही नऊ वर्षं हे पाहिलेलं नाही याचं मला फार वाईट वाटलं, हे स्पष्टच लिहितो.

घड्याळाच्या खोलीत आता मोटर बसवली आहे, किल्ली लागत नाही. पण घड्याळामागची भिंत तशीच आहे. तिथे पेन्सिलीच्या रेघा आहेत हे तुम्हाला माहीतच आहे. मला माहीत नव्हतं. बारा वर्षांच्या संसारात तुमच्या लेकीने मला हे कधी सांगितलं नाही. सगळ्यात खालची रेघ माझ्या कमरेपर्यंत, ती तीन वर्षांची असतानाची, आणि मग वर वर चढत बाराव्या वर्षापर्यंत, प्रत्येक रेघेपुढे तारीख आणि वार. प्रत्येक वार गुरुवार. सहाव्या वर्षाच्या रेघेपुढे तुम्ही ‘टाचा उचलल्या, दुरुस्त’ असं लिहून एक बोट खाली दुसरी रेघ मारली आहे. मी ते वाचून मोठ्याने हसलो, आणि मग मला रुमाल लागला. दोन्ही मुलं भिंतीला नाक लावून आई शोधत होती. बारक्याने विचारलं, आई एवढी कशी वाढली? मी सहज म्हणून गेलो, दूध पिऊन. (हे वाक्य लक्षात ठेवावं. पुढे त्याचे परिणाम येतात.)

थोरलीने खिशातून पाकीट क्रमांक सात काढलं. सगळ्या दिवसात तेवढा एकच कागद योग्य जागी वाचला गेला. आतून निळ्या पेन्सिलीचा अर्धा तुकडा निघाला, ताजं टोक काढलेला. आणि कागद. तो तुम्हाला पाठ असेल, तरी लिहितो: ‘दोघांना भिंतीला पाठ लावून उभं करा. टाचा टेकल्या आहेत ना पाहा, बारक्यावर विशेष लक्ष. रेघ तुम्ही मारा. मला आता वर येणं व्हायचं नाही.’

मी पेन्सिल घेतली. बारक्या तर भिंतीशी जाऊन उभाही राहिला होता, आणि हो, टाचा उचलून. पण थोरलीने शेवटची ओळ पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचली, माझ्या हातातून पेन्सिल काढून घेतली, पाकिटात घातली, पाकिटाचं तोंड दुमडलं आणि म्हणाली, ‘नाही. ही भिंत आजोबांची आहे. रेघ तेच मारणार.’ मी समजावलं. आजोबांनीच लिहिलंय म्हटलं, नियम आहे म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच ही मुलगी नियम मोडायला उभी राहिली होती, पाकीट सोडेना. आणि बारक्याला वाटलं की मी जबरदस्तीने त्याचं माप घेईन, म्हणून तो फतकल मारून जमिनीवर बसला. बसलेल्या माणसाची उंची मोजता येत नाही असा त्याचा युक्तिवाद होता. खाली उतरलो तेव्हा पिवळ्या टोप्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग होता. त्या काकांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं की इतका समजावून सांगणारा मार्गदर्शक आजवर भेटला नाही.

तर अशी झाली सहल. परतताना दोघं बसमध्ये माझ्या अंगावर झोपली, बारक्याचं ते बोट तसंच ताठ वर. तुम्ही आखलेला कार्यक्रम मी पुरता धुळीला मिळवला याबद्दल क्षमा असावी. पण मामा, इतका आनंदाचा दिवस मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, आणि त्यात फक्त तुम्ही हवे होतात. मामींना नमस्कार. भिंतीवरच्या घड्याळांना आशीर्वाद.

तुमचा,
बारा मिनिटं उशिराचा जावई

ता. क. : पाकीट क्रमांक सात सोबत परत पाठवत आहे. पेन्सिल आत आहे. टोक तुटू नये म्हणून थोरलीने कापूस गुंडाळला आहे. हे पाकीट जागेवर पोहोचल्याशिवाय उघडू नये, आणि जागा कोणती ते वर तुमच्याच हाताने लिहिलेलं आहे.

ता. क. २ : गुडघ्याविषयी मी विचारलेलं नाही, याची मामींनी नोंद घ्यावी. मी फक्त एवढंच कळवतो की डॉक्टरांनी दिलेला ऑपरेशनचा कागद तुमच्या टेबलाच्या तिसऱ्या खणात, जुन्या स्प्रिंगांच्या डबीखाली आहे. तो तिथे आहे हे मला कसं कळलं ते विचारू नये. त्यावर एक सही राहिली आहे. तुमच्या लेकीने रजा टाकलेली आहे, परवानगी न विचारता, आणि रखवालदाराने निरोप दिलाय की बरे झालात की मनोऱ्याच्या दर विसाव्या पायरीवर तो एकेक स्टूल ठेवेल. तुम्ही नाही म्हणालात तर या घरात माझी धडगत नाही. पण त्याचं विशेष काही नाही. खरी अडचण पुढे आहे.

ता. क. ३ : बारक्याने सहलीच्या दिवसापासून दूध सोडलं आहे. आजोबा रेघ मारेपर्यंत वाढायचं नाही असं त्याने जाहीर केलंय. आज अकरावा दिवस. तुमची लेक मला जबाबदार धरते.

(खालच्या ओळी वेगळ्या अक्षरात)

आजोबा, बाबांना आणि आईला माहीत नाही, पण बारक्या रोज लपून माझ्या पेल्यातलं दूध पितो. मी आज त्याला दाराच्या चौकटीशी उभं करून पाहिलं. टाचा टेकलेल्या होत्या. तो वाढतोय. लवकर या.